पॅड बांधून बसलेले आण्णा

खोली बघायला गेलो तेव्हा दार उघडलं ते पॅड बांधलेल्या माणसानं. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायजमा, आणि पायजम्यावर गुडघ्याच्याही वर येणारे क्रिकेटचे पॅड, पट्टे घट्ट आवळलेले. वय साठीच्या आसपास. मी बँकेच्या बदलीवर नारायणगावला नवा आलेलो. ओझरच्या रस्त्याला एका वस्तीवर चांगली खोली आहे, असं शाखेतल्या शिपायानं सांगितलेलं. मी नमस्कारासाठी हात जोडले, तर त्या माणसानं ओठांवर बोट ठेवलं.

"बँकेचं सायब ना? या, बसा. पन बोलू नका. चार गेल्यात, आन नवा आलेला गडी घाईत हाय."

आत टीव्हीवर भारताची बॅटिंग चालली होती. मी बसलो. खोली कुठली, भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं एक अक्षर त्या दुपारी निघालं नाही. पाचवी विकेट पडली तसे ते उठून उभे राहिले, पॅडचे पट्टे चाचपले आणि दाराकडं बघायला लागले. आता खरंच यांना कुणीतरी हाक मारणार असं मला वाटलं. स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, "जाऊन या, पन येताना कोथिंबीर आना."

हे आमचे आण्णा. मी त्यांच्याकडं भाडेकरू म्हणून राहिलो तितकी वर्षं भारताची एकही वनडे त्यांनी पॅडशिवाय बघितली नाही. पॅड जुने, कधी पांढरे असतील. काकू ते सणासुदीला धुवायच्या आणि साड्यांच्या शेजारी दोरीवर वाळत घालायच्या. "लग्नात हळदीला बसले तवाच मला कळायला पायजे व्हतं," त्या म्हणायच्या. "पायाला हळद लावू देईनात."

लोक क्रिकेट बघतात ते चौकार-षटकारांसाठी. आण्णांना त्यात काडीचा रस नव्हता. सलामीची जोडी जमली, शंभराची भागीदारी झाली की ते टीव्हीचा आवाज बारीक करून टोमॅटोच्या क्रेटवर नंबर टाकत बसायचे. पण एक गडी बाद झाला, त्याच्या पाठोपाठ दुसरा, की त्यांची पाठ ताठ व्हायची. तिसऱ्याला खुर्ची पुढं सरकायची. जगात कुठंही, कुणाचाही डाव कोसळत असला तरी आण्णा त्यात पुरते गुंतायचे. मॅच अर्ध्यात आटोपली की लोक म्हणायचे, तिकिटाचे पैसे वाया गेले. आण्णा म्हणायचे, "आज खरी मॅच झाली."

त्यांचा याबाबतीत एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला.

"पयल्या तीन विकेटी बॉलर काढतो, सायब. म्होरल्या बाकड्यावर पडत्यात."

"म्हणजे?"

"म्हंजी बाकड्यावर जे बसल्यात ना, ते तिथंच बाद व्हत्यात. एकाला ग्लोव्हज घावत न्हाई. एकाच्या तोंडाला कोरड. एक लघवीला गेलेला. बाद झालेला गडी येतो आन सांगतो, 'आयला, बॉल लई हालतोय राव!' झालं. म्होरचा गडी बॉल बघायच्या आधी त्याचं वर्णन ऐकून जातो. तो काय खेळनार?"

मी हसलो, तर त्यांना राग आला नाही. रागवायचा स्वभावच नव्हता. फक्त प्रत्येक गोष्टीला हाच नियम लावायचा ही त्यांची सवय. मार्केटला टोमॅटोचा भाव घसरला आणि शेजारीपाजारी तारांबळ उडून माल फेकायला लागले की आण्णा म्हणत, "बघा, बाकड्यावर बाद व्हायला लागली मंडळी." लग्नाला जायचं तर मांडव घालणाऱ्यांच्या आधी हजर. सकाळच्या एसटीला जायचं तर पहाटेपासून फाट्यावर. एकदा माझ्या मेहुणीला बघायला पाहुणे आमच्या खोलीवरच येणार होते, ती घाबरून रडायला लागली. आण्णांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, आधीच्या पोरीला त्यांनी काय इचारलं ते कुनाकडनं ऐकू नको. सरळ जाऊन बस." तिचं लग्न तिथंच जमलं. आता त्याचं श्रेय आण्णांना किती आणि मुलाच्या नोकरीला किती, हा वेगळा विषय.

लंकेत आशिया कपाची फायनल होती तो दिवस मला पक्का आठवतो. गणपती तोंडावर आलेले, मंडळाचा मांडव उभा राहिलेला, त्यात मोठा पडदा लावून सगळी वस्ती जमलेली. पावभाजीचा बेत होता. लंकेनं बॅटिंग घेतली आणि पावभाजीचा तवा तापतोय तोवर बारा धावांत लंकेचे सहा गडी परत! मांडवात नुसता धुमाकूळ. कुणी फटाके लावले, कुणी ढोल काढला, आचारी उलथनं हातात घेऊन नाचत होता, आणि कांदा जळत होता.

आण्णा मागच्या खुर्चीत गप्प बसलेले. पायाला पॅड.

"आण्णा, आज तर आपण बॉलिंग करतोय," मी म्हणालो. "आज पॅड कुणासाठी?"

"त्यांचा दहावा गडी," ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "आत्ता आत पळतोय बिचारा. त्याला वाटलं असंल, आपलं काय काम, आरामात बसू. आता त्याला पट्टा घावत नसंल." मग पन्नासात सगळे गारद झाल्यावर म्हणाले, "शारजात आपन चोपन्नात आटपलो तवा मी जेवलो न्हवतो. आज बी जेवन जायचं न्हाई."

जिंकलेल्या दिवशीसुद्धा न जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काकूंनी पावभाजीचं ताट परत नेलं आणि जाता जाता मला म्हणाल्या, "मिसळीचं इचारा की त्यांना एकदा."

मी विचारलं, आणि आण्णांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं. पंचविशीतली गोष्ट. नारायणगावला मोठी मॅच, खऱ्या लेदर बॉलची. हे दहाव्या नंबरला. जिंकायला थोडक्या धावा हव्यात, हातात सात विकेट. आण्णांना भूक लागलेली. ते पॅड न बांधता एसटी स्टँडवर मिसळ खायला गेले.

"पयला पाव खाल्ला. रस्सा चांगला व्हता, म्हनून दुसरा मागवला. हात पुसत आलो तर लोक स्टंप उपटून निघालेले. दोन धावांनी हारलो. आन मी बाद बी न्हवतो. 'गैरहजर' लिवलं. कुनी हाक मारायला बी आलं न्हाई, सायब. स्टँड काय लांब व्हतं? समोरचे म्हनले, गडी न्हाई, जिंकलो आमी. आन आपल्यातले बी स्टंप उपटू लागले."

गावातली जुनी माणसं अजूनही आण्णांच्या मागं त्यांना 'मिसळ' म्हणायची. आण्णांना ते माहीत होतं.

आमच्याकडं चाळिशीच्या पुढच्यांची टेनिस बॉलची स्पर्धा असते. वय सिद्ध करायला आधार कार्ड दाखवायचं, गुडघ्याला पट्टी लावायची आणि उतरायचं. आण्णा गावच्या संघाचे कप्तान आणि अकराव्या नंबरचे बॅट्समन. टेनिस बॉलला पॅड कुणी बांधत नाही. आण्णा बांधायचे, तेही पहिल्या बॉलापासून. समोरचे हसायचे. त्यांच्या संघाचे नियमही जगावेगळे होते. बॅटिंग चालू असताना बसायच्या फळीवरून उठायचं नाही. फोन नाही. चहा नाही. आणि बाद होऊन आलेल्यानं बॉल कसा आला हे सांगायचं नाही, त्यानं पलीकडं झाडाखाली जाऊन बसायचं. मला माणूस कमी पडला म्हणून संघात घेतलेलं. मी दर मॅचला त्या झाडाखाली लवकर पोचायचो.

एवढं करून आम्ही कधी काही जिंकलो का? नाही. गावात एकही कप नव्हता. आमचा फास्ट बॉलर बाळू, दूध डेअरीला गाडी चालवायचा, खांद्यानं रेडा आणि तोंडानं फटकळ. त्यानं त्या वर्षी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आण्णा, राग धरू नका. यंदा कप आला न्हाई तर कप्तानी सोडा. लोक हसत्यात आपल्याला."

आण्णा म्हणाले, "बरुबर हाय. सोडीन."

ते सहज म्हणाले, पण त्या कप्तानीत त्यांचा किती जीव होता हे मी घरात राहून बघत होतो. संघाची टोपी ते देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायचे. तरुणपणी ज्या गावानं त्यांच्याकडं पाठ फिरवली, त्याच गावानं उतारवयात त्यांच्या मागं चालायचं कबूल केलं होतं. ते गेलं असतं तर माणूस खचला असता.

आणि त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. कसे, ते आम्हालाही कळलं नाही.

फायनल डिंभ्याकडं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की काठाला सपाट जमीन उघडी पडते, तिथं मैदान आखलेलं. फक्कीची रेघ, कर्णे, फोनवर थेट प्रक्षेपण, सगळा थाट. समोर तिथलाच संघ. दहा-दहा ओव्हर. आम्ही आधी खेळलो आणि चव्वेचाळीसात आटोपलो, ओव्हर शिल्लक ठेवून. माझं योगदान विचारू नका. शेवटी आण्णा पॅड सरसावत, टोपी सारखी करत मधोमध पोचले, नॉन-स्ट्रायकर म्हणून उभे राहिले तोच पुढच्या बॉलला समोरच्या टोकाचा गडी धावबाद झाला. तसेच परत आले. नाबाद शून्य. कर्ण्यावरच्या समालोचकानं "काकांचा मॉर्निंग वॉक झाला" असं म्हटलं आणि सगळं मैदान हसलं.

त्यांचे दोन बाद एकतीस झाले तेव्हा आमच्यातल्या दोघांनी पिशव्या भरायला घेतल्या होत्या. मग बाळूनं बॉल हातात घेतला. मी क्रिकेट खूप बघितलंय, पण त्या संध्याकाळचा बाळू पुन्हा बघायला मिळणार नाही. एक यॉर्कर, मधला स्टंप. पुढच्याला उसळता, कॅच. तिसरा न खेळताच बाद. मी बाउंड्रीवरून त्यांच्या फळीकडं बघत होतो. माणसं उठत होती, बसत होती, बाद झालेला येऊन हातवारे करून बॉलचं वर्णन सांगत होता. आण्णांचा सिद्धांत डोळ्यांसमोर चालला होता. नऊ बाद बेचाळीस! त्यांना जिंकायला तीन हव्या, आम्हाला एक विकेट. एकट्या बाळूनं सहा काढलेल्या.

आणि अकरावा गडी येईना.

आधी वाटलं, बॅट शोधत असेल. मग त्यांच्या फळीवर गडबड उडाली. कळलं ते असं: दोन बाद एकतीस असताना थ्री-फेजची लाईट आली. गड्याची मोटर धरणाच्या काठाला, पलीकडच्या अंगाला. त्याला वाटलं, आपला नंबर काही येत नाही, तोवर कांद्याला पाणी सोडून येऊ. फोन करावा तर फोन झाडाला टांगलेल्या त्याच्याच शर्टात वाजत होता. समालोचक कर्ण्यावरून ओरडायला लागला, "अकरावे फलंदाज मोटर चालू करायला गेलेले आहेत, त्यांनी असतील तसे ताबडतोब मैदानात यावे!" त्यांच्यातला एक जण मोटरसायकलला किक मारून निघाला.

बाळूनं घड्याळात बघितलं आणि तो पंचाकडं धावला. गेल्याच वर्ल्ड कपात वेळेत न आलेल्या बॅट्समनला बाद दिलेलं सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. "टाइम गेला! आउट द्या! जिंकलो आमी!" आमची सगळी टीम पिचकडं पळाली. एकानं तर स्टंपला हात घातला.

पंच म्हणाले, "नियमात बसतंय. पण अपील कप्तानानं करायला पाहिजे. कप्तान, अपील आहे का?"

आण्णा स्लिपमध्ये उभे होते. ते चालत आले, त्या माणसाच्या हातातून स्टंप घेतला आणि परत मातीत रोवला.

"अपील न्हाई," ते म्हणाले. "गडी येऊ द्या."

बाळू फुटला. "आण्णा, डोकं ठिकानावर हाय का? कप हातात आलाय! गावात पयला कप!"

"बाळू, तू सहा काढल्यास. म्या बघितल्या, एकेक बघितली. मग शेवटचा काय लाईटवाल्यांनी काढायचा? तूच काढ की."

"कप्तानी जाईल तुमची. ठरलंय आपलं."

"जाऊ दे." आण्णा म्हणाले. "माझी कप्तानी गेली तरी गावातच कुनाकडं तरी राहती. त्या गड्याला मातर मरस्तवर लोक मोटर म्हनून हाका मारतील. मला ठावं हाय ते कसं लागतं."

बाळूनं बॉल जमिनीवर आपटला आणि पाठ फिरवून उभा राहिला. आम्ही थांबलो. दोन्ही गावं थांबली. प्रेक्षकांत आमची माणसं शिव्या देत होती, तेही ऐकू येत होतं. आण्णा पिचच्या कडेला एकटेच उभे, हात मागं बांधून. मला तेव्हा कपाचं काय होईल याची धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता आणि तो लपवावासा वाटत नव्हता. मी बाउंड्री सोडून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

शेवटी मोटरसायकल आली. मागं गडी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं भरलेले, अनवाणी. चेहरा असा की आता रडेल. कुणीतरी त्याच्या हातात बॅट कोंबली. तो पळत यायला लागला तसे आण्णा सामोरे गेले.

"मोटर चालू झाली का?"

"झाली."

"पानी लागलं कांद्याला?"

"लागलं."

"मग आता घाई न्हाई. दम घ्या. पानी प्या. मग खेळा निवांत."

तो घटाघटा पाणी प्यायला. गार्ड घेतला. बाळू रागानं धावत आला, सगळा राग त्या बॉलात ओतून, सणसणीत, बुंध्यात. गड्यानं डोळे मिटून बॅट फिरवली. कड लागली आणि बॉल कीपरच्या शेजारून, भेगाळलेल्या गाळावरून टणाटण उड्या मारत फक्कीच्या रेघेपार गेला. चार. आम्ही हरलो.

त्यांच्या लोकांनी गड्याला खांद्यावर घेतलं, चिखलाच्या पायांसकट. आण्णांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातला दुसरा कुणी वाजवत नव्हता, म्हणून मीही वाजवल्या.

घरी पोचलो तर काकू ओट्यावर फोन घेऊन बसलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मॅच बघितली होती, अख्खी. आण्णा पाय धुवायला मागं गेले, तेव्हा डोळ्याला पदर लावून त्या मला म्हणाल्या, "आज जेवतील बगा नीट." आणि आण्णा खरोखर जेवले. दोनदा भात मागून घेतला.

गाव मात्र धुमसत होतं. चार दिवस आण्णांना कुणी राम राम घातला नाही. पाचव्या दिवशी मारुतीच्या देवळात संघाची मीटिंग बोलावली, पुढच्या वर्षीचा कप्तान निवडायला. आण्णा संघाची टोपी कागदात गुंडाळून घेऊन आले. उभे राहून म्हणाले, "ठरल्यापरमानं कप्तानी सोडतो. बाळूला द्या. त्यानं लई चांगली बॉलिंग केली." आणि टोपी बाळूच्या पुढ्यात ठेवून खाली बसले.

बाळूनं टोपीला हात लावला नाही.

"चार दिस झालं, म्या दूध घेऊन फिरतोय," तो म्हणाला. "नारायणगावला, मंचरला, घोडेगावला. जाईल तिथं लोक गाडी अडवत्यात. फोनवर बघितलंय सगळ्यांनी. इचारत्यात, गड्यासाठी मॅच थांबवली तो कप्तान तुमच्याच गावचा का? पयल्यांदा मला राग आला. मग म्या सांगाय लागलो, व्हय, आमचाच. नाव सांगितलं. छाती काढून सांगितलं." त्यानं टोपी उचलली आणि आण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवली. "आता म्होरल्या साली त्यांना काय सांगू आण्णा? त्याला आमी काढून टाकला म्हनून?"